कल्ल्यातले भाडेकरू

‘आमच्या हिला माशांच्या उवा बघायचा पगार मिळतो,’ अशी माझी ओळख आमचे हे लग्नकार्यात करून देत. समोरचा हसे, मग जरा मागे सरके, आणि जेवताना माझ्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राही. ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माशाच्या अंगावर उवेसारखा एक प्राणी खरोखरच असतो आणि तो मी आयुष्यभर चिमट्याने काढत आले. पण माझं मुख्य काम त्याहून बारीक जिवांशी होतं. सीबीडी बेलापूरच्या एका इमारतीत माशांच्या रोगांची आमची छोटी प्रयोगशाळा होती. तिथली लिफ्ट चालू असली की लोक एकमेकांना फोन करून कळवत. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा उवांबद्दल मोकळेपणाने बोलायला हरकत नाही.

आधी धंदा समजावून सांगते. आपल्याकडे गोड्या पाण्यात आज जे मासे दिसतात त्यांतले बरेचसे कोणीतरी बाहेरून आणून सोडलेले आहेत. डास खायला गप्पी सोडले. चिलापी कोणी सोडला ते आता कोणीच कबूल करत नाही, पण कुठे डबकं साचलं की तो तिथे हजर असतो. सोसायटीच्या कारंज्यात रंगीत कोई मासे येतात. टाकीची काच चाटून साफ करणारा मासा बोटाएवढा असताना हौसेने घरी आणतात, आणि तो हातभर झाला की ‘त्याला त्याच्या घरी सोडूया’ असं मुलांना सांगून जवळच्या तलावात ढकलतात. त्याचं घर समुद्रापलीकडे आहे, हे मुलांना सांगत नाहीत. हे मासे एकटे येत नाहीत. त्यांच्या कल्ल्यांत, खवल्यांखाली, तोंडात भाडेकरू असतात. मासा नव्या जागी रुळला की भाडेकरूही रुळतात आणि त्यांतला एखादा शेजारच्या स्थानिक माशाकडे खोली बघायला जातो. तो कोण आणि कुणाच्या घरून आला, हे ओळखायचं माझं काम. मी स्वतः साताऱ्याकडची, लग्न होऊन नेरूळला आलेली. म्हणजे बाहेरून सोडलेल्यांत मीही मोडते, त्यामुळे ह्या मंडळींबद्दल माझ्या मनात आकस नाही.

भाडेकरूंमध्ये मला सगळ्यांत छळलं ते कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींनी. हे रव्याच्या कणाहून लहान असतात. मागच्या टोकाला बारीक आकडे असतात, ते कल्ल्याच्या झालरीत रुतवून बसतात. दोन वेगळ्या जातींचे कृमी शेजारी शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतील. फरक असतो तो आकड्यांच्या वाकात. तो बघायचा तर जिवंत माशाचा कल्ला हवा, कारण मासा मेला की थोड्या वेळात हेही मरतात आणि विरघळायला लागतात. मग सुईच्या टोकाने कृमी उचलायचा, काचेवर ठेवायचा, ग्लिसरिनचा थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवून बोटाने दाबायचं. कमी दाबलं तर आकडे आडवे पडत नाहीत, जास्त दाबलं तर कृमी फुटतो आणि सकाळ फुकट जाते. आकड्यांनी निकाल लागला नाही तर दुसरी खूण बघावी लागते. ह्या कृमींच्या एकाच अंगात नरही असतो आणि मादीही, आणि त्यातल्या नराच्या बाजूच्या नळीचं वळण प्रत्येक जातीत वेगळं असतं. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात म्हणून जास्त खोलात शिरत नाही. पण त्या नळीची वळणं कागदावर काढण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. सासूबाईंनी एकदा ते चित्र पाहून ‘रांगोळीचं का गं?’ असं विचारलं होतं. मी हो म्हणाले.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. वाशीच्या मार्केटातले मसाल्याचे एक शेठ होते. त्यांच्या पेढीवर मोठ्या टाकीत एक लांबलचक सोनेरी मासा होता, तो फिरला की धंदा फिरतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा शेठचं जेवण सुटलं. मी गेले, तर त्यांनी राहुकाळ टळेपर्यंत मला मिरच्यांच्या पोत्यांजवळ बसवून ठेवलं. शिंकून शिंकून माझे डोळे वाहत होते आणि शेठना वाटलं, माशाची अवस्था बघून बाईंना रडू आलं. मासा बरा झाल्यावर ते मला इतकं मानायला लागले की दर दिवाळीला गरम मसाला येतो. एक हॉटेलवालेही होते. ‘आमच्या हौदातल्या माशांत किडे नाहीत’ असा दाखला त्यांना माझ्याकडून हवा होता, गल्ल्यामागे फ्रेम करून लावायला. अशी पाटी वाचून गिऱ्हाईक आत येईल की बाहेर पळेल, एवढंच मी विचारलं. ते विचारात पडले आणि पुन्हा आले नाहीत.

पण लिहायला बसले ते चांगुणाताईंसाठी.

खाडीकाठच्या एका गावात त्या राहतात. गावाचं नाव देत नाही, नाहीतर उद्या तिथल्या माशाचा भाव पडायचा. गावाला जुना तलाव आहे. एका बाजूला बांध, बांधात लाकडी फळ्यांचं दार, त्याला तिथले लोक उघाडी म्हणतात. भरतीला ती उघडली की खाडीचं थोडं पाणी तलावात येतं आणि ओहोटीला उघडली की तलावाचं पाणी खाडीत जातं. चांगुणाताई आणि गावातल्या काही बायकांच्या बचत गटाकडे ह्या तलावात मासे वाढवायची परवानगी होती. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे मासे होते. एक चिलापी, जो काहीही खातो आणि कसाही वाढतो. दुसरा कालुंदर, हिरवट, चपटा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला आपल्याच किनाऱ्याचा मासा. तो सावकाश वाढतो आणि सणाला आधी सांगून ठेवावा लागतो. घर चालायचं चिलापीवर, मान होता कालुंदराचा.

त्या पावसाळ्यात कालुंदर मरायला लागले. वर येऊन तोंडं उघडून हवा घ्यायचे आणि सकाळी काठाला लागलेले असायचे. समोरच्या टॉवरमधल्या लोकांनी बाल्कनीतून व्हिडिओ काढले, वासाची तक्रार केली. तलावांचं काम बघणारे साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं की गणपती इथेच विसर्जनाला येतात, त्याच्या आत तलाव साफ झाला पाहिजे. साफ म्हणजे उघाडी कायमची बंद करायची, सगळ्या पाण्यात ब्लीचिंग टाकायचं आणि मासे वाढवायची परवानगी रद्द. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तेवढे थांबतो म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याला विसर्जनाचं टेन्शन होतं.

अहवालासाठी चांगुणाताई आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या पुढची बाई, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा. डबा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. आत कालुंदराचे सुरेख तुकडे होते. खवले काढलेले, तीन पाण्यांतून धुतलेले, वर हळद आणि मीठ लावलेलं.

मी विचारलं, कल्ले कुठे आहेत?

‘काढलं ना,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याकडं कोयती कुटं असनार? मंग तुमाला तरास नको म्हनून मीच साफ करून आनला.’

माझे सगळे संशयित त्या कल्ल्यांत होते आणि ते कल्ले गावातल्या मांजरांनी खाल्ले होते. पण त्यांना रागावणार कशी? त्यांच्याकडे मासा दुसऱ्याच्या दारात न्यायचा तर असाच नेतात, त्यातून ज्या बाईकडे न्यायचा ती घाटावरची असेल तर नक्कीच. तो मासा त्यांनी चांगला पोहता धरून कापला होता, म्हणून आमच्या शिपायाने डबा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी उत्तम अहवाल दिला. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून मी त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले.

मी नीट समजावून सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला निळ्या पिंपात जिवंत मासे आले. कालुंदर आणि चिलापी, दोन्ही. बघत राहावं असे धष्टपुष्ट. कामाला लागले. कालुंदराच्या कल्ल्यांवर चपटे कृमी होते, चिलापीच्याही कल्ल्यांवर होते, पण आकडे वेगळे. चिलापीच्या कृमीचा आकडा मुळाशी रुंद, कालुंदरावरच्याचा सडपातळ आणि टोकाला जास्त वळलेला. नळ्याही वेगळ्या. म्हणजे चिलापीचा भाडेकरू चिलापीकडेच होता आणि कालुंदराला त्रास देणारा कोणी दुसराच होता. ‘मग तो खाडीतून आला,’ साहेब फोनवर म्हणाले. ‘विषय संपला मॅडम, उघाडी बंद करू, ब्लीचिंग मारू.’

मला ते पटेना. उघाडीच्या बाहेर खाडीत धरलेले कालुंदर मी मागवून पाहिले होते, त्यांच्या कल्ल्यांत हा सडपातळ आकड्यांचा कृमी कुठेच नव्हता. खाडीत नाही, चिलापीत नाही, मग तलावात हा आला कुठून? शेवटी मी स्वतः गावात गेले.

बांधावर उभी राहिले आणि दोन मिनिटांत मला कळलं की मी अजून तलाव पाहिलेलाच नव्हता. काठच्या उथळ पाण्यात लहान, मोठ्या डोक्याचे, खप्पड चिलापी थव्याने उभे होते, कडेच्या गवताला तोंड लावून. मी चांगुणाताईंना विचारलं, ह्यांतला एकही तुम्ही मला का आणला नाहीत? त्यांना माझा प्रश्नच कळेना.

‘असला मासा आमी कोनाच्या दारात नेत नाय,’ त्या म्हणाल्या. ‘मानसं नावं ठेवतील.’

कोळणीने टोपलीत वर ठेवायचा तो चांगलाच मासा. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती, प्रयोगशाळेची चिठ्ठी बघून थोडीच बदलणार? त्यांनी मला तलावातले सगळ्यांत देखणे मासे दिले होते आणि मी त्यांच्या आधारावर तलावाचा निकाल लावायला बसले होते. मी चिखलात उतरले आणि ते मरतुकडे चिलापी गाळणीने धरून बेलापूरला आणले. त्यांच्या कल्ल्यांवर रुंद आकड्यांच्या कृमींची गर्दी होती. आणि त्या गर्दीत, तसाच दिसणारा, त्याच जागी बसलेला, सडपातळ आकड्यांचा दुसराही होता. एका घरात दोन भाडेकरू. एक घर सोडत नव्हता, दुसरा शेजारच्या कालुंदराकडे जाऊन राहिला होता. चिलापीला त्याची सवय होती, खंगला तरी तो मरत नव्हता, कालुंदराला ती सवय नव्हती, म्हणून कालुंदर गुदमरत होता. मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले आणि परत येऊन तो दुसरा कृमी पुन्हा एकदा पाहिला. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

आनंद फार टिकला नाही. कारण आता उपाय सांगायचा होता. कालुंदर औषधाच्या पाण्यातून काढला तर बरा झाला असता, पण तलावात चिलापी असेपर्यंत पुन्हा लागण होणार. म्हणजे चिलापी काढून टाकायचा, एकूण एक. ज्याच्यावर त्या बायकांची चूल चालत होती तोच. आणि माझी ओळख चुकली असेल, तर चिलापीही गेला, कालुंदरही गेला आणि तलावही गेला.

साहेब आणि चांगुणाताई दोघांनाही मी बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही कृमी शेजारी शेजारी लावून दाखवले. साहेबांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. ‘मॅडम, मला तर दोन्ही सेमच दिसतात,’ ते म्हणाले. मग चांगुणाताईंनी डोळा लावला. बराच वेळ त्या वाकून उभ्या होत्या. मला मनातून फार वाटत होतं की निदान त्यांना तरी फरक दिसावा.

‘मना बी सारखंच दिसतंय,’ त्या सरळ होत म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुमाला दोन दिसतात?’

मी म्हटलं, हो, दोन आहेत.

‘तलाव गेला तर आमाला दुसरं काय नाय. खाडीत आता काय गावत नाय. तुमी ह्ये डोळ्यान बगून सांगता ना?’

मी पुन्हा हो म्हटलं. इतकी वर्षं मी अहवालाखाली सही करत आले, पण त्या सहीवर कोणाचं घर उभं आहे हे असं समोर उभं राहून कधी विचारलं गेलं नव्हतं.

‘मंग काढते चिलापी,’ त्या म्हणाल्या. साहेबांकडे वळून एवढंच बोलल्या, की गनपतीच्या आत तुमाला तलाव साफ देते, पन उघाडी बंद करू नका. साहेबांनी मान डोलावली. त्यांना साफ तलाव हवा होता, तो कोणत्या मार्गाने मिळतो याच्याशी त्यांचं भांडण नव्हतं.

मग गावात जे झालं ते बघण्यासारखं होतं. ओहोटीला उघाडी उघडून पाणी उतरवलं. बायका साड्यांचे काष्टे मारून रांगेत चिखलात उतरल्या आणि जाळं ओढत आल्या. कालुंदर वेगळे काढून समाजमंदिरात पिंपांत औषधाच्या पाण्यात ठेवायचे होते, पण पिंपातल्या पाण्यात हवा कशी खेळवणार? मी मसालेवाल्या शेठना फोन केला. त्यांनी स्वतःच्या टाकीचा जादा पंप तर दिलाच, शिवाय ओळखीच्या सगळ्या मासे पाळणाऱ्यांना कामाला लावलं आणि राहुकाळ संपल्यावर सगळे पंप टेम्पोने पाठवले. समाजमंदिरात ते एका सुरात बुडबुडत होते आणि गावातली म्हातारी माणसं येऊन पिंपात डोकावून जात होती. गावाने त्या आठवड्यात चिलापी तळून, रश्श्यात, सुकवून, पाहुण्यांना वाटून खाल्ला. शेवटी पोरंटोरंसुद्धा चिलापीचं नाव काढलं की पळायला लागली. तळाच्या डबक्यांत उरलेल्या पिल्लांसाठी साहेबांच्या ब्लीचिंगलाही थोडं काम मिळालं, त्यामुळे तेही खूश झाले.

पिंपांतले काही कालुंदर मेले. प्रत्येक मेलेला मासा मला फोन करून सांगितला जाई आणि प्रत्येक फोनला मला वाटे की चुकले, आपण त्या बाईला देशोधडीला लावलं. घरी माझं लक्ष नसे. ह्यांनीही त्या दिवसांत उवांचा विनोद केला नाही, त्यावरून मी केवढी भेदरलेली दिसत असेन ते समजावं. ब्लीचिंगचा जोर ओसरल्यावर उघाडीला बारीक जाळी लावून भरतीचं पाणी आत घेतलं, आणि विसर्जनाच्या आधी जगलेले कालुंदर परत सोडले. चिलापीचे पैसे बुडाल्याने गटातल्या दोघी कंटेनर यार्डात साफसफाईच्या कामाला लागल्या. चांगुणाताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

गणपतीनंतर तपासलेल्या कालुंदरांचे कल्ले स्वच्छ होते, पण ते औषधातून निघालेले मासे. भाडेकरू खरोखर गेला की नाही, हे पुढच्या पिढीच्या कल्ल्यांवरूनच कळणार होतं. माझी निवृत्ती जवळ आली होती. नवरात्र होऊन गेल्यावर एके दिवशी चांगुणाताईंचा फोन आला. ‘या तुमी,’ म्हणाल्या आणि ठेवला.

पुढचं आधी सांगून टाकते. फोनच्या दुसऱ्या दिवशी मी पिल्लांचे कल्ले तपासले, त्यांत तो कृमी नव्हता. अहवाल दिला, परवानगी राहिली, यार्डातल्या दोघी परत आल्या. पण हे लिहिताना मला आठवतो तो आदला दिवस, जेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

फोन आला तशी मी सुया, काचा, भिंग सगळं पेटीत भरून निघाले. बसमध्ये वाटभर मला पाण्यावर तरंगणारे मासेच दिसत होते. चांगुणाताई बांधाखाली काठावर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी बोलू नका अशी खूण केली आणि बोटाने पाण्यात दाखवलं. उथळात कालुंदरांची एक जोडी होती आणि त्यांच्याभोवती पिल्लांचा पुंजका, राईच्या दाण्यांएवढा एकेक जीव. कालुंदरात आई आणि बाप दोघं मिळून पिल्लं राखतात. पुंजका जरा फाकला की बाप एका बाजूने वळसा घाली, आई दुसऱ्या बाजूने, आणि पिल्लं पुन्हा मधोमध गोळा होत.

माझा हात पेटीकडे गेला. कल्ले बघायचे तर पिल्लू मारावं लागतं. मी हळूच म्हटलं, ताई, ह्यांतली थोडी मला लागतील.

‘ठाव हाय,’ त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. ‘उद्या देते. माज्या हातान धरून देते. आज नको.’

मी पेटी मिटली, चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसले. उद्या त्या देणार होत्या आणि मी घेणार होते, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या जोडीला ते ठाऊक नव्हतं. आमच्या सावल्या पाण्यावर पडल्या की बाप आमच्यावर धावून येई आणि आम्ही दोघी मुकाट्याने मागे सरकत होतो.